गोधडीला कसले पैसे, असं विचारणाऱ्यांना

दिवाळी सरली की या सदराच्या टपालाचा सूर बदलतो. पावसाळाभर ‘सुया गंजतात, कापडाला वास येतो’ असं कळवणाऱ्या मैत्रिणी थंडी पडायला लागली की एकदम ‘क्लास कसा काढू, शिबिर कुठे घेऊ’ असं विचारायला लागतात. यंदा तर दोन पत्रं चक्क जहाजावर बसून शिवण्याबद्दल आहेत. गोधडी पलंगावरून उतरून बोटीत चढली म्हणायची! जागेअभावी पत्रं थोडी कापली आहेत. कापणं हा माझा धंदाच आहे, राग मानू नये.

प्रश्न : ताई, मी लग्नापासून गोधड्या शिवते. आता कॉलनीतल्या आठजणी ‘शिकव’ म्हणून मागे लागल्यात. पण फीचं नाव काढलं की म्हणतात, ‘अगं, गोधडीला कसले पैसे? आमची आजी फुकट शिकवायची.’ पाचशे रुपये सांगू का? आणि पहिल्या दिवशी नेमकं काय शिकवू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पाचशे सांगितलेत तर पदरचे पैसे घालून शिकवाल. हिशेब मांडून बघा. अर्ध्या दिवसाला छोटा हॉल १,६०० रुपये धरा. चहा-नाश्ता माणशी ८०, म्हणजे ६४०. कापड, अस्तर, सुई-दोरा यांचा संच माणशी ३००, म्हणजे २,४००. झाले ४,६४०. आणि आठजणींचे पाचशेप्रमाणे जमा किती? ४,०००. म्हणजे ६४० रुपये तुमच्या खिशातून गेले, वर चार तास घसा कोरडा. आदल्या दिवशी कापडं धुऊन, इस्त्री करून, कापून आठ पुड्या बांधल्यात, ते तर कुणी मोजतच नाही. बाराशे सांगा. खर्च वजा जाता ४,९६० उरतात आणि ते दोन दिवसांच्या कामाचे आहेत. यात महाग काही नाही.

राहिली आजी. आजीचा हॉल म्हणजे घरची ओसरी, कापड म्हणजे घरचीच विरलेली लुगडी, आणि नात दुपारभर हाताखाली. तिला घड्याळ लावून चार तासांत कुणाला काही दाखवायचं नव्हतं. आणि सगळंच काही फुकट नव्हतं. माझं माहेर फलटणचं. तिकडे दुसऱ्याच्या घरच्या वाकळा शिवून देणाऱ्या बाया असायच्या आणि त्या मजुरी घ्यायच्या. कॉलनीतल्या मैत्रिणींना एवढं ऐकवायची गरज नाही. फक्त ‘फी बाराशे, संच त्यातच’ असा मेसेज टाका आणि गप्प बसा. पैसे आधी घ्या. ‘बघू गं, जमलं तर येते’ म्हणणारी बाई पैसे भरल्यावर अंगात कणकण असली तरी येते, हा माझा अनुभव आहे.

पहिल्या दिवशी गोधडी शिकवायचीच नाही. अठरा इंची चौकोनी आसन घ्या. वर एक चांगलं सुती कापड, मध्ये जुन्या धोतराचे किंवा साडीचे दोन थर, खाली अस्तर. कडेने सुरू करून एक-एक इंच आत येत धावदोरा घालत मध्यावर पोचायचं. हिशेब केलात तर एवढ्याशा आसनात जवळजवळ नऊ मीटर धावदोरा होतो! नवख्या हाताला तीन-साडेतीन तास लागतात. संध्याकाळी बाई पुरी झालेली वस्तू घेऊन घरी गेली पाहिजे. अर्धवट गोधडी घेऊन गेलेली बाई पुढच्या वर्गाला येत नाही; ती गोधडी कपाटावर पडते आणि तिला रोज टोचते.

शिकवताना एक गोष्ट कटाक्षाने करा. समोर बसून दाखवू नका. समोरून पाहणाऱ्या बाईला तुमचा हात उलटा दिसतो आणि ती मनातल्या मनात तो सुलटा करण्यात दमते. तिला तुमच्या शेजारी, थोडी मागे बसवा. डावखुरी असेल तर मात्र समोर बसवा, तिला आरशात बघितल्यासारखं सरळ दिसेल. गडद कापडावर पांढरा जाड दोरा घ्या म्हणजे टाके लांबून ओळखू येतात. आणि वरचा हात दाखवण्यात वेळ घालवू नका, सगळी विद्या खालच्या हातात आहे. कापडाखालच्या बोटाला सुईचं टोक नुसतं लागलं की ते बोट कापड किंचित वर ढकलतं, सुई लगेच वर येते. असे तीन-चार टाके सुईवर भरायचे आणि मगच दोरा ओढायचा. नवखी बाई एकेक टाका काढते आणि प्रत्येक वेळी दोरा करकचून आवळते. मग चुण्या पडतात. तिला ‘सैल सोड’ असं सांगून उपयोग नसतो. ओळ संपल्यावर कापड तळव्याने दाबून दोऱ्याच्या दिशेने सरकवायला लावा, जास्तीचा ताण आपोआप निघतो. दोरा हातभरच घ्यायचा. लांब दोरा घेणाऱ्या बाईचा अर्धा वेळ गाठी सोडवण्यात जातो.

वर्ग सुरू व्हायच्या आधी पंधरा-वीस सुया ओवून ठेवा. चाळिशी उलटलेल्या आठ बाया एकाच वेळी सुईत दोरा घालायला लागल्या की अर्धा तास कसा जातो, ते तुम्हाला कळणार नाही.

प्रश्न : वर्षापूर्वी आई गेली. तिच्या बऱ्याच साड्या माझ्याकडे आहेत. त्यांची गोधडी करावी, तीही कुणाच्या तरी शिबिरात शांतपणे बसून, असं फार वाटतं. सगळ्या घेऊन जाऊ का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : सगळ्या नका नेऊ. ज्या दोन साड्यांवर तुमचा सगळ्यात कमी जीव आहे, त्या न्या. हात बसेपर्यंतचे टाके त्यांच्यावर पडू देत. बाकीच्या घरी राहू द्या आणि जाण्यापूर्वी प्रत्येक साडी उलगडून तिचा फोटो काढा. कापल्यावर पदर कसा होता ते आठवत नाही.

निवड करताना साडी उजेडासमोर धरा आणि दोन्ही हातांनी जराशी ताणा. चरचर आवाज आला किंवा धागे विरळ दिसले तर ती वर घालायची नाही, आतल्या थरात घालायची. तिथे ती उबही देते आणि टिकतेही. सुती आणि नायलॉन एकाच थरात जोडू नका. धुतल्यावर सुती आटतं, नायलॉन तसंच राहतं आणि मग सगळीकडे फुगे येतात. लाल, मरून, गडद निळ्या साड्यांचा रंग पाहायला पांढरा रुमाल ओला करून काठावर घासा. रुमालाला रंग लागला तर ती साडी फिकट कापडाशेजारी नको.

आता शिबिर घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. आईच्या साड्या घेऊन आलेली बाई प्रत्येक शिबिरात असतेच. तिला सगळ्यांसमोर ‘सांगा ना आईबद्दल’ म्हणून उभं करू नका. बोलायचं असेल तेव्हा ती बोलेल, बहुतेक रात्री भांडी आवरताना बोलते. आणि पहिली कात्री तिची तिलाच चालवू द्या, कितीही वेळ लागो.

प्रश्न : माझं ब्लाऊज शिवण्याचं दुकान आहे. मशीनवर हात चांगला आहे. क्विल्टिंगचे वर्ग घ्यायचे तर हाताचे घेऊ की मशीनचे? पुण्या-मुंबईच्या बायका वॉकिंग फूट, रोटरी कटर असं काय काय बोलतात, ऐकून धास्ती वाटते.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : मशीनचेच घ्या, धास्ती कसली? आपली गोधडी आणि पाश्चात्त्य पद्धतीचं क्विल्ट यांत फरक क्रमाचा आहे. तिकडे आधी तुकड्याला तुकडा जोडून अख्खा वरचा थर तयार करतात, मग मध्ये बॅटिंग, म्हणजे उबेसाठीचा मऊ थर, खाली अस्तर, आणि मग तिन्ही मिळून शिवतात. तुकडे जोडण्याचं काम मशीनवर झटपट होतं.

फक्त तुमची एक सवय मोडावी लागेल. ब्लाऊजला आपण पुढेमागे उसवायला म्हणून शिलाईत भरपूर माया, म्हणजे टाक्याबाहेरचं जास्तीचं कापड, ठेवतो. क्विल्टमध्ये माया पाव इंच, म्हणजे दोन सूत, आणि ती इकडची तिकडे होता कामा नये. समजा प्रत्येक तुकड्याला अर्धं सूत जास्त आत घेतलं. एका जोडाला दोन तुकडे, म्हणजे एक सूत गेलं. नऊ चौकोनांच्या ओळीत आठ जोड असतात. आठ सूत गेले, म्हणजे ओळ इंचाने तोकडी! शेजारची ओळ दुसरीने बरोबर शिवलेली असली की दोन्हींचे कोपरे जुळणार नाहीत आणि ती म्हणेल मशीन खराब आहे. म्हणून पहिला अर्धा तास सगळ्यांकडून कागदावर रेघ मारून पाव इंचाची शिलाई घालून घ्या. मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर रंगीत टेप चिकटवली की पुढचं सोपं जातं.

वॉकिंग फूट म्हणजे वरचा थरही खालच्याइतकाच पुढे सरकवणारा मशीनचा पाय. साधा पाय वरचं कापड मागे ठेवतो, खालचं दात पुढे नेतात, मग तीन थरांत घडी पडते. तो एक विकत घ्या, वर्गात आळीपाळीने वापरता येतो. रोटरी कटर म्हणजे गोल, फिरत्या पात्याचं कापायचं हत्यार. जपानच्या ओल्फा कंपनीने तो १९७९ मध्ये आणला आणि क्विल्ट करणाऱ्यांचा कापण्याचा वेळ बराच वाचला. खाली मॅट, वर जाड पारदर्शक पट्टी, आणि नियम एकच : प्रत्येक काप झाला की पातं बंद करूनच खाली ठेवायचं. हा नियम न पाळणाऱ्या बाईच्या हातातून मी कटर सरळ काढून घेते, मग ती कितीही ज्येष्ठ असो.

प्रश्न : दापोलीजवळ आमचं सासरचं चौपाखी घर आहे. मुलं परदेशात, घर रिकामं. तिथे तीन दिवसांची निवासी शिबिरं घ्यावीत असं ठरवतो आहोत. दहा-बाराजणी राहू शकतील. समुद्र जवळ आहे. काय काय तयारी लागेल?
— एक दांपत्य, पुणे

उत्तर : समुद्र जवळ आहे ही तुमच्या दृष्टीने जमेची बाजू, माझ्या दृष्टीने दहा टक्के जमेची आणि बाकी डोकेदुखीची. शिवायला येणारी बाई शिवायला येते. घरी तिला सलग दोन तास कुणी देत नाही, ते दोन तास ती तुमच्याकडून विकत घेते. तिला दिवसभर हर्णे, मुरूड, आंजर्ले दाखवत फिरवलंत तर ती सौजन्याने ‘छान झालं’ म्हणेल आणि पुन्हा येणार नाही. संध्याकाळी पाच ते सात किनारा. बाकी सुई.

पावसाळ्यात घ्यायचं नाही. कोकणातल्या पावसात कापड दमट, दोरा दमट, सुया तांबारतात आणि वीज कधी जाईल ते महावितरणलाही ठाऊक नसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच हंगाम धरा. मार्चनंतर उकाड्यात मांडीवर गोधडी घेऊन कोण बसणार?

आता घर तपासा, आणि ते पाहुण्याच्या नव्हे, वायरमनच्या नजरेने. एक इस्त्री हजार वॅटची. दोन इस्त्र्या आणि त्याच वेळी दोन हजार वॅटचा एक गिझर लागला की चार हजार वॅट झाले, म्हणजे सतरा अँपिअरच्या पुढे. जुन्या घराचा फ्यूज किंवा एमसीबी तिथे माघार घेतो आणि बरोबर सकाळी नऊला घेतो, कारण तेव्हाच अर्ध्याजणी आंघोळीला आणि अर्ध्याजणी इस्त्रीला असतात. इस्त्रीसाठी वेगळी लाइन ओढून घ्या, नाहीतर गिझरची वेळ ठरवून द्या. इन्व्हर्टरवर मशीन चालेल, दिवे चालतील, इस्त्री चालणार नाही. हे पाटीवर लिहून लावा.

उजेड. चौपाखी घर थंड असतं, पण आत काळोख. ओटीवर बसून दिवसा शिवता येईल, संध्याकाळी सातनंतर पिवळ्या दिव्यात काळ्या कापडावर काळा टाका कुणाला दिसणार? प्रत्येक दोघींमागे एक पांढऱ्या उजेडाचा टेबल दिवा ठेवा.

बसायचं काय? ‘आम्ही छान चटया टाकू, पारंपरिक वाटेल,’ असं मनात असेल तर विसरा. येणाऱ्यांतल्या निम्म्यांचे गुडघे गेलेले असतात. साधी जेवणाची टेबलं शिवायला पुरतात, पण कापायचं टेबल उंच हवं, साधारण तीन फूट, नाहीतर वाकून कंबर धरते. टेबलाच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे घाला, नवीन घ्यायला नको. खुर्च्यांना हात नसलेले बरे. कमोड किती आहेत ते जाहिरातीत स्पष्ट लिहा. आपल्याकडे हे लिहायला लाजतात आणि मग चौकशीच्या प्रत्येक फोनवर तेच सांगत बसतात.

बाराजणी राहू शकतील, म्हणून बाराजणी घेऊ नका. शिकवणारी एकटी असेल तर आठ. नववी आली की कुणाची तरी सुई थांबलेली असते आणि ती बिचारी ‘तुमचं झालं की बघा हं’ म्हणत बसते. मदतनीस ठेवलीत तर बारा.

जेवणाबद्दल : मासळी उत्तम मिळते म्हणून सगळ्यांना मासळी, असं करू नका. शाकाहारी स्वयंपाक मूळ धरा, मासळी वर. तिखट कमी. आणि कुठल्याही कारणाने शिवायच्या टेबलावर खाणंपिणं नाही. कुणाच्या तरी पांढऱ्या अस्तरावर सोलकढी सांडते आणि सगळ्या शिबिराचा नूर जातो. सकाळी आठला नाश्ता, साडेआठ ते साडेबारा काम, जेवणानंतर तासभर सक्तीची झोप, मग तीन ते पाच. रात्री ज्यांना बसायचं त्या बसतील, त्यांना शिकवायला जाऊ नका. तेव्हा हात चालू असतात आणि तोंडही, आणि मला विचाराल तर बायका त्याच वेळेसाठी पुन्हा येतात.

खोल्या वाटताना एक प्रश्न नोंदणीच्या अर्जातच घाला : ‘आपण घोरता का?’ खरं उत्तर कुणी देत नाही. म्हणून पुढचा प्रश्न : ‘शेजारी घोरलेलं चालेल का?’ याचं उत्तर सगळ्या खरं देतात. त्यावरून जोड्या लावा.

‘मिस्टरांना आणू का? ते आपले वाचत बसतील,’ असं विचारतील. नको. ते वाचत बसत नाहीत. दर तासाला ‘झालं का?’ विचारायला येतात.

पैशांचं लेखी असू द्या. निम्मे नोंदणीला, उरलेले पंधरा दिवस आधी. शेवटच्या आठवड्यात रद्द केलं तर पैसे परत नाहीत, पण स्वतःऐवजी दुसरीला पाठवता येईल. भांडणं टाळणारा हा एकच नियम मला सापडला आहे. वर्षाची सगळी मिळून जमा वीस लाखांच्या आत असेल तोवर जीएसटीची नोंदणी साधारणपणे लागत नाही, तरी सीएला एकदा विचारून घ्या, कारण घर भाड्याने देणं आणि शिकवणं यांचे हिशेब तो वेगळे काढून देईल.

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. इथे क्विल्टिंगच्या क्रूझ निघतात हे नुकतंच कळलं. बेयोनच्या बंदरातून बर्म्यूडाला जाणारी एक बघितली आहे. आई साताऱ्याहून येते आहे, ती उत्तम गोधड्या शिवते. तिला नेऊ का? आयोजक म्हणतात, आईने एक दिवस गोधडी शिकवली तर आमच्या तिकिटात सूट देतील.
— एक वाचक, एडिसन

उत्तर : आईला जरूर न्या. सूट मात्र घेऊ नका. आई पर्यटक व्हिसावर येत असणार. त्यावर अमेरिकेत काम करता येत नाही, आणि मोबदला म्हणजे फक्त रोख पैसाच असं नसतं; तिकिटातली सूटही त्यात धरली जाऊ शकते. आयोजक गोड माणसं असतील, पण विमानतळावरच्या अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरं आईला द्यायची आहेत. अगदीच वाटलं तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. तसंच व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा आहे ना, ते बघा. जहाज बर्म्यूडाला लागलं म्हणजे देश सोडला, परत येणं हा नवा प्रवेश. बर्म्यूडाचे स्वतःचे नियमही आहेत, ते क्रूझ कंपनीकडून लेखी मागवा.

या क्रूझचं गणित समजून घ्या. वर्ग असतात ते जहाज भर समुद्रात असतं त्या दिवशी. बंदराला लागलं की सुट्टी. म्हणून सात रात्रींच्या सफरीत ‘समुद्रातले दिवस किती’ हा पहिला प्रश्न विचारायचा. रोज नवं बंदर असलेली क्रूझ फिरायला छान, शिवायला कुचकामी. मशीन तुम्ही न्यायची नसते, आयोजक वर्गात मांडून देतात. कंपनी कोणती आणि दोघींत एक की प्रत्येकीला एक, ते विचारा. केबिनमध्ये इस्त्री नेता येत नाही, आग लागण्याच्या भीतीने बहुतेक जहाजांवर ही बंदी असते. वर्गातल्या इस्त्रीची परवानगी आयोजकांनी काढलेली असते. कात्री साधारण चार इंची पात्यापर्यंत चालते. रोटरी कटरचं आयोजकांनाच विचारा. आणि साताऱ्याहून येताना आईची कात्री हातातल्या पिशवीत नको, सामानात टाका, नाहीतर मुंबईच्या विमानतळावरच तिचा निरोप घ्यावा लागेल.

बोट लागणं हा खरा मुद्दा. मान खाली घालून सुईकडे बघत बसलं की धडधाकट माणसालाही मळमळतं. केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घ्या, तिथे डोलणं कमी. डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधीच घ्या, मळमळल्यावर घेऊन फार उपयोग नाही. आलेपाक बरोबर ठेवा. आणि तरीही गरगरलं तर शिवण खाली ठेवून डेकवर जा आणि क्षितिजाकडे बघा.

आईला आणखी एक गोष्ट दाखवा. अलाबामात गीज बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतावरच्या झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून क्विल्ट शिवली. ती २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागली, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. त्यांचे फोटो आईसमोर ठेवा. विजारीच्या गुडघ्याचं विरलेलं कापड कुठे लावलंय ते ती बरोबर ओळखेल. क्रूझवर बाकीच्याजणी महागड्या छापील कापडांचे गठ्ठे काढून बसतील, तेव्हा आईला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून सांगते आहे.

प्रश्न : आमचा वीसजणींचा भिशीचा ग्रुप आहे. मुंबई-गोवा क्रूझवर गोधडीचं शिबिर ठेवलं तर? तुम्ही याल का शिकवायला?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : येईन, पण गोधडीसाठी नाही, गोव्याला म्हणून येईन! अशा छोट्या सफरीत पहिली संध्याकाळ सामान आणि सुरक्षेच्या कवायतीत जाते, एक दिवस गोव्यात. शिवायला उरतात ते काही तास, आणि त्याच तासांत वर गाण्यांचा कार्यक्रम चालू असतो. तुमच्या ग्रुपला मी ओळखत नाही, पण भिशीचा ग्रुप म्हणजे सगळ्या गाण्यांकडे जातील यावर पैज लावते. करायचंच असेल तर लक्षद्वीपची किंवा कोचीची लांबची सफर घ्या, मशीन विसरा, हातशिलाईचं छोटं काम घ्या. बुकिंगआधी लेखी विचारा की बसायला स्वतंत्र खोली देणार का, कुठल्या वेळेत, आणि तिचं भाडं वेगळं का. ग्रुपने केबिन घेतल्या की ठरावीक संख्येमागे एक जागा फुकट द्यायची पद्धत बऱ्याच क्रूझ कंपन्यांत आहे. ती मागा. आणि ती शिकवणारीला द्या, भिशीच्या अध्यक्षीणबाईंना नको.

प्रश्न : मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो. सीटची कव्हरं शिवायचो. आता नातवासाठी दुपटं शिवायचं आहे. पुरुषाला शिबिरात घेतात का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दादा, एकदिवसीय वर्गाला बेलाशक या. रेक्झिन शिवलेल्या हाताला तीन थरांची भीती नसते, तुम्ही अर्ध्याजणींच्या मशीन दुरुस्त करून द्याल असं मला आत्ताच दिसतं आहे. निवासी शिबिरात अडचण फक्त खोलीची असते. वेगळी खोली मिळेल का ते आधी विचारा. दुपट्यासाठी सुई मात्र बारीक घ्या, आणि वरचं कापड नवं कडक नको, दहा धुण्यांतून गेलेलं मऊ घ्या.

प्रश्न : यूट्यूबवर पाहिलेली डिझाइन माझ्या वर्गात शिकवली तर चालतात का? आणि कवंदी म्हणून जे हल्ली सगळीकडे दिसतं, ते शिकवू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाइन पॅच, लॉग केबिन असले जुने नमुने कुणा एकाचे नाहीत, खुशाल शिकवा. पण एखादीने स्वतः आखून विकायला ठेवलेला पॅटर्न एक विकत घेऊन त्याच्या दहा झेरॉक्स वाटणं, ही चोरीच आहे. प्रत्येक विद्यार्थिनीला तो विकत घ्यायला लावा, किंवा त्या बाईला लिहून परवानगी मागा. बहुतेकजणी आनंदाने देतात, फक्त नाव घाला म्हणतात.

कवंदीचं थोडं वेगळं आहे. ती तुकड्यांची गोधडी, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हळियाळ, मुंडगोडकडच्या सिद्दी बायकांची. आफ्रिकेतून काही शतकांपूर्वी आणले गेलेले त्यांचे पूर्वज. तुकडे आधी जोडून घ्यायचे नाहीत. कडेपासून एकेक तुकडा ठेवत, दुमडत, टाका घालत मध्याकडे यायचं, आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचे त्रिकोणी फुला लावायचे. त्या फुलांशिवाय कवंदी उघडीनागडी समजतात. शिकवा, पण पहिल्या दहा मिनिटांत ही कुणाची कला, कुठली, ते सांगा आणि जाहिरातीतही लिहा. ‘बोहो पॅचवर्क’ असं नाव देऊन विकू नका. जमलं तर शिबिरासाठी तिथल्याच एखाद्या बाईला बोलवा. त्यांच्यातल्या पुष्कळजणी कोकणीच्या जवळचं बोलतात, तुम्हाला बहुधा दुभाषा लागणार नाही. तिला येण्या-जाण्याचं भाडं आणि तुमच्याइतकंच मानधन द्या. आणि फुला तिलाच शिकवू द्या, तुम्ही त्या दिवशी सुया ओवून द्या.